गॅलीतलं सँडविच, घरच्या तव्यावर

जहाजावर कुकला आधी घड्याळ सांभाळावं लागतं, चव नंतर. सात ते आठ नाश्ता, बारा ते एक जेवण, साडेपाच ते साडेसहा रात्रीचं जेवण, अधेमधे दहाचा आणि तीनचा चहा. एवढं वेळेवर दिलं की दिवस पार पडला, असं नवीन माणसाला वाटतं. पण बंदर आपल्या जेवणाच्या वेळा विचारून जवळ येत नाही. जहाज बंदरात नेणारा पायलट रात्री अडीचला चढतो, नांगर पहाटे चारला उचलायचा असतो, इंजिनरूममधला अलार्म ऐन झोपेत वाजतो आणि थर्ड इंजिनिअर बॉयलर सूट चढवत खाली पळतो. अशा अवेळी माणसाला भूक लागते ती भात-आमटीची नसते. एका हातात धरता यावं, दुसरा हात मोकळा राहावा, पोटात काहीतरी गरम जावं आणि अंगावर सांडू नये, एवढंच मागणं असतं. त्या भुकेसाठी मी वर्षानुवर्षं ट्यूना-चीजचं गरम सँडविच करत आलो.

मालवाहू जहाजांवर मेसमन म्हणून लागलो, ताटं उचलता उचलता गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, शिरलो आणि पुढे चीफ कुक झालो. आता सीडीसी, खलाशाचं नोंदपुस्तक, कपाटात आहे आणि मी रत्नागिरीला घरच्या ओट्याशी. सँडविच तेच. पण घरी करायला लागल्यावर ध्यानात आलं, की गॅलीतल्या जवळजवळ सगळ्या सवयी इथे उलट्या कराव्या लागतात. जहाजावर सँडविच माणसाची वाट बघतं. घरी माणसाने सँडविचची वाट बघायची असते. सगळा फरक तेवढ्यातून निघतो.

ट्यूनाच का, हे आधी सांगायला हवं. कारण आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या तोंडावर पहिला प्रश्न तोच उमटतो. कोकणातला माणूस, घरात सुरमई-सौंदाळे, आणि हा डब्यातला मासा कशाला उघडतोय?

जहाजावर वीस-बावीस माणसं असतात. कॅप्टन युक्रेनचा, ऑफिसर आपल्याकडचे, खलाशी फिलिपिन्सचे, फिटर बांगलादेशी, असा कारभार. बीफ आपल्यातले बरेचजण खात नाहीत, पोर्क मुसलमान खात नाहीत, चिकन आणलं तर ते हलाल आहे का हे पाकिटावर शोधावं लागतं. पायलट तर कुठल्या देशाचा आणि कुठल्या पथ्याचा येईल, काहीच ठाऊक नसतं. माशाला मात्र कुणी पासपोर्ट विचारत नाही. शाकाहारी असेल त्याला ट्यूना काढून टोमॅटो आणि कांदा घालायचा, बाकी तेच. दुसरं कारण जागेचं. मांस-मासळीची खोली उणे 18 अंशांवर, भाजीची 4 अंशांच्या आसपास, आणि दोन्ही खोल्या बंदर सोडताना कोंबून भरलेल्या. डबे कोरड्या कोठारात राहतात. बंदर सुटून तीन आठवडे झाले की लेट्यूस संपलेलं असतं, टोमॅटो नरम पडलेले असतात, दुधाची पावडर सुरू झालेली असते. डबा मात्र पहिल्या दिवशी होता तसाच.

तसं बघितलं तर डबाबंद अन्नाचा जन्मच मुळी सैन्य-आरमाराच्या पोटासाठी झाला. टिकाऊ अन्नाच्या पद्धतीबद्दल फ्रान्सच्या सरकारने 1810 साली निकोला आपेरला 12,000 फ्रँकचं बक्षीस दिलं. त्याच्या बरण्या काचेच्या होत्या. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं, आणि दोन-तीन वर्षांत असे डबे ब्रिटिश सैन्य आणि आरमाराकडे जायला लागले. गंमत अशी, की डबा उघडायचं धड हत्यार यायला पुढे चाळीसेक वर्षं गेली. तोवर छिन्नी-हातोडा. अमेरिकेत ट्यूना डब्यात शिरला तो बराच उशिरा, 1903 साली कॅलिफोर्नियात, सार्डिन मिळेनाशी झाली म्हणून. म्हणजे आज ज्याला आपण परदेशी चैनीचं खाणं समजतो, तो एकेकाळचा बदली कामगार.

माझ्याबरोबर एका जहाजावर जनरल सँतोसचा एक खलाशी होता. फिलिपिन्सच्या दक्षिणेला हे शहर, ट्यूनाच्या बंदरासाठी आणि कारखान्यांसाठी नावाजलेलं. गडी सुट्टीच्या वेळी गॅलीच्या दारात येऊन उभा राहायचा. त्याची बहीण कारखान्यात मासा साफ करायची. त्याच्याकडून मला पहिल्यांदा कळलं की डब्यातला ट्यूना दोनदा शिजलेला असतो. आधी अख्खा मासा वाफेवर शिजवून गार करतात, मग बायका हाताने कातडी, काटा आणि आतलं काळपट मांस काढतात. उरलेले फिक्या मांसाचे तुकडे डब्यात भरून, तेल किंवा खारं पाणी घालून डबा बंद करतात आणि तो पुन्हा दाबाखाली तापवतात. स्वस्त डब्यांत बहुधा स्किपजॅक जातीचा ट्यूना असतो. हे ऐकल्यावर डब्यातला मासा इतका कोरडा का लागतो याचा उलगडा झाला. त्यातलं अंगचं पाणी आणि स्निग्धता पहिल्या शिजवण्यातच गेलेली असते. वर दिसतं ते बाहेरून घातलेलं पाणी. ते काढून टाकायचं आणि त्या जागी तेल-तूप-अंडं असलेलं काहीतरी घालायचं, हे या सँडविचचं निम्मं काम. मेयोनीज तिथे चवीसाठी कमी आणि त्या दुरुस्तीसाठी जास्त असतं.

गॅलीत हे निथळणं मी फार कडकपणे करायचो. केटरिंगचा डबा पावणेदोन किलोच्या आसपासचा. तो मोठ्या चाळणीत उपडा करायचा, वर जड वाडगं ठेवायचं आणि दुसरी कामं करायची. परत येऊन मुठीत घेऊन पिळायचा. हातात भुसा येईल इतका. मग मेयोनीज बेताचं, मोहरीची पेस्ट, मिरपूड, अगदी बारीक चिरलेली सेलरी असेल तर सेलरी. कांदा नाही. कांद्याला मीठ लागलं की तो पाणी सोडतो आणि दोन तासांनी पावाचा लगदा होतो. सँडविच बाराला भाजलं तरी पायलट दोनला येणार, मग कधी धुक्यामुळे अडीचला. तेवढा वेळ ते खाण्यासारखं राहायला पाहिजे. म्हणून पाव आतल्या बाजूने आधी कोरडा भाजून घ्यायचा. चीज दोन्ही बाजूंना, वर एक स्लाइस आणि खाली एक. मधला ओलावा पावापर्यंत पोचू नये म्हणून ती भिंत. भाजून झालं की ताटात ठेवायचं नाही, जाळीवर ठेवायचं. ताटात ठेवलं तर खालून वाफ धरते आणि मघाशी कुरकुरीत केलेली बाजू ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. ओव्हन सत्तर अंशांच्या जवळपास, दार बोटभर उघडं, फॉइल घट्ट गुंडाळायचा नाही, नुसता वरून टाकायचा. एवढं केलं की सँडविच दोन-अडीच तास तग धरतं.

चांगलं लागतं का? बरं लागतं. पावसात फोरकॅसलवर, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, दोर सांभाळत उभ्या असलेल्या बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, मी एकदा स्टीलच्या डब्यातून नेऊन दिलं होतं. त्याने उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला, उभ्याउभ्या चार घासांत संपवलं आणि डबा परत दिला. बोलला काहीच नाही. त्या जागी चवीबद्दल बोलायला कुणाला फुरसत असते?

जाता जाता एक सांगतो, कारण घरी आल्यावर माझ्या बायकोला याचंच जास्त हसू येतं. रिकामा डबा मी अजूनही धुऊन, चेपून, वेगळा ठेवतो. जहाजावर हे सोवळंच असतं. 2013 पासून मार्पोलचे, म्हणजे जहाजांनी समुद्र घाण करू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, नियम असे कडक झाले की पत्रा, काच, कागद, तळणीचं तेल, यातलं काही समुद्रात टाकायचं नाही. उरलंसुरलं अन्न तेवढं बारीक दळून किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावर टाकता येतं. डब्यातलं तेलसुद्धा बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या पिंपात जमवायचं, आणि सगळ्याची नोंद वहीत. आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते तेव्हा सुका-ओला एकाच ढिगात जातो, तरी माझा डबा धुतलेला. सवय.

आता घर. गॅलीत उघडी ज्योत नसते. आगीच्या भीतीने सगळं विजेवर. लोखंडी हॉटप्लेट, तिच्या कडेला भांडी घसरू नयेत म्हणून आडव्या सळ्या. ती प्लेट तापायला वेळ घेते आणि बंद केली तरी बराच वेळ तापलेलीच राहते. त्यामुळे मी आच कमी-जास्त करायला कधी शिकलोच नव्हतो. भांडं इकडून तिकडे सरकवायला शिकलो होतो. मध्यभागी कडक, कोपऱ्यात मंद. घरच्या गॅसवर कान पिळला की ज्योत लगेच ऐकते. या सँडविचसाठी हे वरदान आहे.

कारण यातली खरी अडचण अशी आहे. चीज साठ-पासष्ट अंशांना मऊ पडायला लागतं. पाव छान तांबूस व्हायला पृष्ठभागाला दीडशेच्या आसपास जावं लागतं. म्हणजे चीज आधी वितळायला हवं. पण होतं उलटंच, पाव करपतो आणि आतलं चीज तसंच थंड. पाव म्हणजे बहुतेक हवा, आणि हवेतून उष्णता पुढे जायला तयार नसते. तव्याची आच पावाच्या अंगावरच खर्च होते. म्हणून मोठ्या ज्योतीवर हे सँडविच होत नाही. हॉटेलवाले घाईत असतात, वरून झाकण टाकून बाजूला पाणी शिंपडतात, वाफेने चीज वितळवतात. पाव मग मऊ राहतो. घरी कुणी मागे लागलेलं नसतं, तर तो प्रकार कशाला?

आमच्या घरी चपातीचा जुना बिडाचा तवा आहे. तो मंद आचेवर पाच मिनिटं नुसता तापू द्यायचा. डबा लहान, 185 ग्रॅमचा. पाणी निथळल्यावर त्यात दोन सँडविचपुरता मासा निघतो. तेलातला मिळाला तर मी तोच घेतो. हा निथळायचा, पण पिळायचा नाही. दोन मोठे चमचे मेयोनीज, अर्ध्या लिंबाचा रस, मिरपूड. आणि कांदा! जहाजावर ज्याला बंदी होती तो कच्चा कांदा इथे बारीक चिरून हक्काने घालता येतो, कारण त्याला पाणी सोडायला वेळच मिळणार नाही. मीठ आधी चाखून मगच. डब्यात असतं, चीजमध्ये असतं, लोण्यात असतं. बाजारात शाकाहारी मेयोनीज सर्रास मिळतं. चालतं, पण ते जरा गोडसर असतं, तेव्हा लिंबू सढळ हाताने.

चीजबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. भारी चेडार आणू नका. मी रॉटरडॅमहून भरलेलं चांगलं चेडार वापरून बघितलेलं आहे. जुनं, मुरलेलं चेडार आच लागली की तेल सोडतं आणि खाली दाणेदार चोथा राहतो. आपल्याकडचं प्रोसेस्ड चीज, ज्याला जाणकार नाकं मुरडतात, त्यात घातलेल्या क्षारांमुळे तेल आणि पाणी एकमेकांना धरून राहतात आणि ते एकसंध वितळतं. किसून घातलं तर स्लाइसपेक्षा लवकर. चवीला कमी पडतं हे मान्य, म्हणून थोडं चेडार वरून. तार हवी असेल तर मॉझरेला, पण माशाबरोबर तार कशाला, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पावाला बाहेरून लोणी लावतात. मी अर्धं लोणी, अर्धं मेयोनीज लावतो. नुसत्या लोण्यातला दुधाचा अंश लवकर काळा पडतो, मेयोनीजने रंग सगळीकडे सारखा येतो. पाव तव्यावर ठेवला की पहिली दीड-दोन मिनिटं झाकण, थोडी फट ठेवून. मग झाकण काढायचं आणि उलथन्याने दाबायचं नाही. दाबलं की मासा कडेने बाहेर येतो आणि पावातली हवा जाऊन त्याची भाकरी होते. रस्त्यावरच्या सँडविचवाल्यांचा तो चिमट्यासारखा टोस्टर मुंबईच्या बटाटा-काकडीला उत्तम, इथे नको. कान द्यावा. सुरुवातीला तव्यावर ओलसर चुरचुर असते, मग ती बारीक होत होत जवळजवळ थांबते. पाण्याचा अंश गेला, आता रंग धरणार. तेव्हा उलटायचं. दुसऱ्या बाजूला वेळ थोडा कमी लागतो. कडेने चीजचा एखादा ओघळ तव्यावर उतरतो आणि त्याची तपकिरी जाळी होते. ती करणाऱ्याची. ताटात जात नाही.

आणि इथून पुढे माझा खरा त्रास सुरू होतो. जहाजावर साडेपाच म्हणजे साडेपाच, माणूस दारात हजर. घरी मी सांगतो, "झालंय, बसा." बायको म्हणते, "आलेच." मुलगी फोनवर. आई देवघरातून, "तुम्ही सुरुवात करा." हे सँडविच उतरवल्यापासून तीन-चार मिनिटांत खाल्लं तर खाल्लं. नंतर चीज घट्ट व्हायला लागतं, पाव आतून ओला पडतो. दोन तास टिकणारं सँडविच मी हातचा मळ म्हणून करत होतो, तर घरी चार मिनिटं टिकवायची पंचाईत. शेवटी मी नियम केला, की सगळे बसल्याशिवाय तव्यावर पाव पडणार नाही. "अहो, तुम्ही घराची मेस केलीत," असं बायको म्हणते. केली तर केली.

आईचा आक्षेप वेगळाच. पहिल्यांदा तिने बघितलं तेव्हा, "मासे आणि चीज? ते दुधाचंच ना? कोड फुटेल रे!" आपल्याकडे हे घरोघरी ऐकायला मिळतं. माशाबरोबर दूध घेऊ नये, हे चरकसंहितेतल्या विरुद्ध आहारात आहे, तेव्हा आईने ते हवेतून आणलेलं नाही. कोड तेवढ्याने होत नाही, असं आजचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशींवर उलटते. मी आईला तेही सांगितलं, आणि जहाजावरचे सगळे फिलिपिनो, युक्रेनी हे खातात, कुणाला काही झालं नाही, असंही. ती म्हणाली, "त्यांना चालत असेल." यावर वाद नाही. तिच्यासाठी चीजशिवाय करतो, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. ते ती आवडीने खाते आणि दुसरं मागते.

पावसाळ्यात जून-जुलैची मासेमारी बंदी असते. मिरकरवाड्याच्या जेटीवर होड्या नांगरून पडलेल्या, बाजारात खाडीची चार मासळी नाहीतर सुकट-बोंबील. त्या दिवसांत कपाटातले डबे कामाला येतात, आणि शेजारपाजारचे जे एरवी नाकं मुरडतात तेही ओट्याशी येऊन उभे राहतात.

बंदी उठल्यावर एकदा म्हटलं, डबा कशाला, ताजा कुपाच आणू. ट्यूनाच तो, आमच्याकडे भरपूर उतरतो, आणि सुरमई-पापलेटच्या तुलनेत त्याला मान कमी म्हणून भावही कमी. कुपा घेताना एक पथ्य. तो बर्फात नसेल तर घ्यायचा नाही. उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते मासा कितीही शिजवला तरी जात नाही. तोंड लाल होतं, डोकं धरतं, लोक त्याला माशाची ॲलर्जी म्हणतात. मी बर्फातला निवडून आणला, मिठाच्या पाण्यात मंद शिजवला, गार केला, काळपट मांस काढून मांजराला दिलं आणि बाकीचं मोकळं केलं. अगदी कारखान्यासारखं. मेयोनीज, लिंबू, कांदा, चीज, तोच तवा.

आणि डब्यातला जास्त चांगला लागला. सगळ्यांचं एकमत. ताज्या कुप्याला त्याचा स्वतःचा दांडगा वास आणि चव असते. चीजखाली तो गप्प बसत नाही, दोघांची ओढाताण होते. त्याचे तंतूही भरड. डब्यातला मासा दोनदा शिजून, महिनोन्‌महिने तेलात बसून इतका निमूट झालेला असतो की जे घालाल ते अंगाला लावून घेतो. कोकणात राहून हे बोलणं बरं दिसत नाही, पण आहे ते असं आहे. उरलेल्या कुप्याचं बायकोने त्रिफळं आणि आमसुलं घालून तिखलं केलं. ते भाताबरोबर संपलं, आणि त्यासाठी कुणालाही हाक मारावी लागली नाही.